थोड्यात भागवणाऱ्या घोड्याला जास्तीचा घास का सोसत नाही?

लग्नसराई सुरू झाली की बीड, माजलगाव, अंबाजोगाईच्या मंगल कार्यालयांसमोर सजवलेली घोडी उभी दिसते. नवरदेव चढायचा असतो. तेवढ्यात घरातले कुणीतरी ताटलीत भिजवलेली हरभरा डाळ आणि गुळाचा खडा घेऊन येते. लहान मुले ओंजळीने भरवतात, मोठी माणसे कौतुकाने पाहतात. एका दिवसात दोन-तीन वराती असतील तर प्रत्येक दारात हाच लाड होतो. घरी परतल्यावर मालकही दमलेल्या जनावरापुढे चंदीचा तोबरा नेहमीपेक्षा जास्त भरतो. कुणाचाच हेतू वाईट नसतो. मात्र अशा लाडानंतर एक-दोन दिवसांत घोडी पुढचे पाय ताणून जागच्या जागी खिळली किंवा पोट दुखून लोळू लागली, तर त्याचे मूळ बऱ्याचदा त्या ताटलीत आणि तोबऱ्यातच असते.

देशातील घोड्यांची संख्या वेगाने घटते आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजार भरली. आधीच्या, म्हणजे २०१२ च्या गणनेपेक्षा हा आकडा सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होता. टांगा गेला, त्याबरोबर घोड्याची रोजची चाल गेली आणि घोडा सांभाळण्याचे घरातले ज्ञानही विरत गेले. आज बीड जिल्ह्यात घोडा पाळणारा माणूस बहुधा गाय-बैलांच्या अनुभवावर घोडा सांभाळतो. तिथेच गफलत होते.

काटकसरी शरीर

बीडच्या पश्चिमेकडील आष्टी तालुक्याच्या सीमेवरून वाहणारी सीना नदी पुढे भीमेला मिळते. या भीमेच्या खोऱ्यावरूनच आपल्या दख्खनी घोड्याला भीमथडी हे नाव मिळाले. राज्यगीतात ज्या तट्टांचा उल्लेख येतो, ती हीच. मराठा फौजांचा वेग या ठेंगण्या, काटक जनावरांवर उभा होता. गेवराई तालुक्यात गोदाकाठी असलेल्या राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांच्या फौजेने निजामाच्या सैन्याचा पराभव केला. अशा मोहिमांत घोडा कोरड्या गवतावर, मिळेल त्या वैरणीवर दिवसच्या दिवस चाले. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडी ही स्वतंत्र जात म्हणून नोंदवली आहे. मेंढ्यांच्या कळपाबरोबर संसार पाठीवर घेऊन फिरणाऱ्या धनगर कुटुंबांनी ही जात आजवर टिकवून धरली.

दुष्काळी माळरानावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या अशा जनावराचे शरीर काटकसरी बनते. ते कमी अन्नातून जास्त शक्ती काढते आणि उरलेले सगळे चरबी म्हणून साठवते. पावसाळ्यात चढलेले अंग उन्हाळ्यात उतरते. हा त्याचा वार्षिक हिशेब असतो. मात्र बारा महिने खुंट्याला बांधून, वर रोज चंदी दिली तर साठवण चालूच राहते आणि खर्च थांबतो.

हे फक्त आपल्याच तट्टांचे दुखणे नाही. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील डोंगराळ भागात फ्योर्ड नावाची घोड्यांची जुनी जात आहे. पिवळसर तपकिरी अंग, आयाळीच्या मधोमध काळा पट्टा, उंची साधारण १३५ ते १५० सेंटिमीटर. ट्रॅक्टर येण्याआधी तिथली शेती याच घोड्यांनी ओढली. आज हा घोडा युरोप-अमेरिकेत हौसेने पाळला जातो. तो पाळणाऱ्यांच्या रोजच्या काळज्यांत पहिली काळजी एकच असते, ती म्हणजे घोडा लठ्ठ होऊ न देणे. हिरव्यागार कुरणात मोकळा सोडला की तो फुगतो आणि खुरांच्या दुखण्याने अडतो. म्हणून तिथले मालक त्याच्या तोंडाला जाळीची मुसकी बांधतात, चरण्याचे तास मोजून देतात. बर्फातला असो वा माळावरचा, टंचाईतून घडलेल्या घोड्याला सुबत्ता बाधते.

पोट बैलाचे नव्हे

गाय-बैल आणि घोडा दोघेही वैरण खातात, पण पचवण्याची रीत वेगळी. गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरहून जास्त माल मावतो. ती भराभर खाते आणि मग निवांत बसून रवंथ करते. घोड्याचे जठर मात्र ८ ते १५ लिटरचे. त्याला रवंथ करता येत नाही, उलटीही करता येत नाही. त्यामुळे चुकीचे किंवा जास्त खाल्ले तर ते बाहेर टाकण्याचा मार्गच नसतो.

घोड्याच्या जठरात आम्ल दिवसरात्र पाझरत असते, तोंडात काही असो वा नसो. त्याला निष्प्रभ करणारी लाळ मात्र फक्त चावताना सुटते. मोकळा घोडा दिवसातले १६ तासांपर्यंत थोडे थोडे चरत राहतो, त्यामुळे हा तोल राहतो. किलोभर वाळली वैरण चावायला त्याला सुमारे ४० मिनिटे लागतात, किलोभर धान्य मात्र दहा मिनिटांत संपते. सकाळ-संध्याकाळ चंदी देऊन मधले तास तोंड रिकामे ठेवले, तर जठराला जखमा होतात. घोडा लाकूड कुरतडतो, दावे चावतो, चिडचिडा होतो. मालक त्याला खोड म्हणतो. मूळ कारण बहुधा रिकामे जठर आणि रिकामा वेळ हेच असते.

वैरणीचे खरे पचन मागे, मोठ्या आतड्यात होते. तिथले अब्जावधी जिवाणू तंतू आंबवून घोड्याला ऊर्जा देतात. धान्यातील पिष्ट लहान आतड्यातच पचून संपायला हवे. एका वेळी जास्त धान्य दिले की ते न पचता मागे सरकते. तिथे नको ते जिवाणू माजतात, आम्ल वाढते, उपयोगी जिवाणू मरतात आणि त्यांच्यातून सुटलेली विषे रक्तात जातात. पोटशूळ आणि खुरांचा दाह या दोन्ही संकटांची सुरुवात इथे होते.

म्हणून एका वेळच्या खाण्यात शरीराच्या दर किलो वजनामागे १ ग्रॅमपेक्षा जास्त पिष्ट नसावे, असे पशुआहारशास्त्र सांगते. ३०० किलोच्या तट्टाला ही मर्यादा साधारण ४५० ग्रॅम ज्वारीतच गाठली जाते. हरभऱ्यात पिष्ट थोडे कमी असल्याने तिथे थोडी अधिक मुभा मिळते. तरीही शेर-दोन शेर हरभरा एकदम पुढे ठेवणे धोक्याचेच. खुंट्यावर नुसत्या उभ्या असलेल्या तट्टाला तर बहुधा धान्याची गरजच नसते.

टेप घ्या, वजन काढा

घोडा किती द्यायचा हे डोळ्याने ठरत नाही. आधी वजन हवे. त्यासाठी शिंप्याचा टेप पुरतो. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजायची. घेराला घेराने गुणून, त्याला लांबीने गुणायचे आणि ११,८७७ ने भागायचे. घेर १५० आणि लांबी १५५ आली, तर वजन येते सुमारे २९४ किलो. दर महिन्याला हा आकडा वहीत लिहिला तर घोडा चढतोय की उतरतोय ते महिनाभरातच समजते.

दिवसाची कोरडी वैरण वजनाच्या दीड ते दोन टक्के लागते. ३०० किलोच्या घोड्याला साडेचार ते सहा किलो. कडब्याच्या पेंड्या लहान-मोठ्या असतात, म्हणून निदान एकदा तरी वजनकाट्यावर तोलून पाहाव्यात. ही वैरण दोन वेळांऐवजी चार-पाच वेळा विभागून, शक्य असेल तर बारीक भोकांच्या जाळीत भरून द्यावी. खाणे लांबते, लाळ सुटते, वेळ जातो. नुसत्या कडब्यात प्रथिने आणि कॅल्शियम कमी पडतात. ती उणीव थोड्या लसूणघासाने भरून निघते. लठ्ठ घोड्यासाठी कडबा अर्धा-पाऊण तास पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिल्यास त्यातील विरघळणारी साखर कमी होते.

लठ्ठपणाची परीक्षा हाताने होते. बरगड्यांवरून तळहात फिरवावा. बरगड्या दिसू नयेत, पण हलक्या स्पर्शाला जाणवाव्यात. खूप दाबल्यावरच लागत असतील तर घोडा जाड आहे. मानेवर आयाळीखाली चरबीचा ताठ कडा धरला असेल, शेपटीच्या मुळाशी मऊ गाद्या आल्या असतील, तर वेळीच सावध व्हावे. आपल्याकडे अशी भरलेली मान तब्येतीची खूण मानली जाते. यात्रेतल्या बाजारात तिच्यावर भावही वाढतो. प्रत्यक्षात ती रक्तातील इन्सुलिन बिघडल्याची खूण असू शकते. माणसाच्या पोटाचा घेर जे सांगतो, तेच घोड्याच्या मानेचा कडा सांगतो.

मात्र लठ्ठ घोड्याला उपाशी ठेवून बारीक करू नये. अन्न एकदम तोडले की शरीरातली चरबी रक्तात लोटते, यकृत कोलमडते आणि जाड तट्टू त्यातच दगावू शकते. धान्य बंद, वैरण मोजून, आणि रोजची चाल वाढवणे हा सुरक्षित मार्ग. आहारातला कोणताही बदल दहा-चौदा दिवसांत हळूहळू करावा.

गोठ्यात सहज मिळणारे, घोड्याला न चालणारे

बीडच्या गोठ्यात जे हाताशी असते ते घोड्यापुढे पडते. त्यातील काही गोष्टी गुरांना चालतात, घोड्याला नाही.

पहिली, कोवळी ज्वारी. फुलोऱ्यापूर्वीची किंवा पाण्याअभावी खुरटलेली ज्वारी खाऊन गुरे दगावतात. शेतकरी त्याला किराळ लागणे म्हणतात. घोड्याला हिरव्या ज्वारीचा आणखी एक त्रास होतो. बरेच दिवस ती खाल्ल्यास मज्जातंतू बिघडतात, मागचे पाय लटपटतात आणि लघवी थेंबथेंब गळू लागते. चांगला वाळलेला कडबा मात्र चालतो.

दुसरी, उसाचे वाढे. गेवराई-माजलगावच्या ऊसपट्ट्यात हंगामात वाढे मुबलक असतात. त्यातील, तसेच संकरित नेपिअरसारख्या गवतांतील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. गाईच्या कोटीपोटातले जिवाणू बरेचसे ऑक्झलेट मोडतात. घोड्यात अन्न अशा जिवाणूंपर्यंत पोहोचते तोवर कॅल्शियम शोषण्याची जागा मागे पडलेली असते. महिनोन्‌महिने हेच खाणे राहिले की शरीर हाडांतून कॅल्शियम काढू लागते. जबडा फुगतो, घोडा पाय बदलत लंगडतो. रोज भरपूर गव्हाचा कोंडा देण्याने हेच घडते, कारण कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम थोडे असते.

तिसरी, तयार पशुखाद्य. कोंबड्यांच्या खाद्यात आणि काही पशुखाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. गुरांना ते चालते, घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र त्याने मरतात. दुसऱ्या जनावराचे खाद्य घोड्याला देऊ नये, हा नियम बिनशर्त पाळावा.

चौथी, बुरशी. पावसात भिजलेल्या गंजीतला काळा पडलेला कडबा घोड्याला खोकला आणि दमा लावतो. बुरशी लागलेल्या मक्यातील विष तर थेट मेंदूवर घाला घालते. गुरांनी खाल्ले, त्यांना काही झाले नाही, हा पुरावा घोड्यासाठी उपयोगाचा नाही.

टापांचा दाह

टापेच्या आतले हाड बाहेरच्या कठीण भिंतीला असंख्य नाजूक पापुद्र्यांनी जोडलेले असते. घोड्याचा सगळा भार या जोडावर टांगलेला असतो. पापुद्र्यांना सूज आली की जोड सुटू लागतो, हाड फिरते किंवा खाली खचते. पशुवैद्य याला लॅमिनायटिस म्हणतात. एकदम खाल्लेल्या धान्याने तो होतो, पण तट्टांमध्ये त्याहून जास्त वेळा लठ्ठपणा आणि वाढलेल्या इन्सुलिनमुळे होतो.

खुणा ठळक असतात. घोडा पुढचे पाय पुढे ताणून मागच्या पायांवर भार देतो, वळताना अडखळतो, टापा गरम लागतात. टापेच्या वर, सांध्याच्या मागच्या बाजूला बोट ठेवले तर एरवी जेमतेम लागणारी नाडी जोरात उडताना जाणवते. अशा वेळी पाय मोकळे करण्यासाठी घोडा चालवणे ही जुनी समजूत घातक आहे. प्रत्येक पावलाने जोड आणखी फाटतो. चंदी ताबडतोब बंद करावी, घोडा जाड वाळूच्या मऊ थरावर उभा करावा, सुरुवातीच्या तासांत टापा बर्फाच्या पाण्यात ठेवाव्यात आणि पशुवैद्याला बोलवावे. पहिल्याच दिवशी उपचार मिळाले तर घोडा वाचण्याची आणि पुन्हा चालण्याची शक्यता बरीच वाढते.

टापा महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतात. दर सहा ते आठ आठवड्यांनी त्या कापून सारख्या कराव्या लागतात, नाल असो वा नसो. ऊसतोडीच्या हंगामात बैलांना पत्री मारणारे कारागीर जिल्ह्यात सापडतात. पण बैलाचे खूर दुभंगलेले, घोड्याची टाप एकसंध. दोन्हींची कापणी आणि खिळ्याची जागा वेगळी असते. घोड्याचे काम घोड्याच्या नालबंदाकडूनच करून घ्यावे. दातांचेही तसेच आहे. दाढा आयुष्यभर वर येत राहतात आणि झिजताना त्यांना धारदार कडा येतात. घोडा अर्धवट चावलेले गोळे तोंडातून टाकत असेल तर दात तपासावेत. एरवीही वर्षातून एकदा ही तपासणी हवीच.

पोटशूळ: थांबून पाहू नका

घोडा मान वळवून पोटाकडे पाहतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, पुन्हा पुन्हा बसतो-उठतो, लोळतो, घामाघूम होतो, लीद टाकत नाही. ही पोटशूळाची लक्षणे. कारणे अनेक: कोरडा कडबा आणि अपुरे पाणी यांमुळे आतड्यात तुंबलेला गोळा, जमिनीवर खाल्ल्याने पोटात साचलेली माती, जंत, अचानक बदललेला चारा, आतड्याला पडलेला पीळ.

निरोगी घोड्याची नाडी उभ्या अवस्थेत मिनिटाला २८ ते ४४, तापमान ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट. नाडी ६० च्या वर गेली, हिरड्या फिक्या किंवा जांभळट दिसल्या, तर प्रकरण गंभीर आहे. खाणे काढून घ्यावे, घोडा शांत असेल तर थोडे चालवावे आणि लगेच डॉक्टरांना बोलवावे. बाटलीने तेल, सोडा किंवा काढा पाजू नये. तो श्वासनळीत गेला तर पोटाआधी फुप्फुसाने जीव जातो. वेदनाशामक इंजेक्शनही डॉक्टरांनीच द्यायचे. दुखणे झाकले गेले की आतला पीळ समजत नाही. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. मोठ्या उपचारांसाठी परभणी आणि उदगीरची पशुवैद्यकीय महाविद्यालये जवळची.

यातील निम्मा प्रतिबंध पाण्यात आहे. ३०० किलोच्या घोड्याला सावलीत उभ्यानेही दिवसाला १५-२० लिटर पाणी लागते. चाळिशी गाठणाऱ्या उन्हाळ्यात, कामावर असताना ते दुप्पट-तिप्पट होते. घोड्याच्या घामातून मीठही भरपूर जाते. रोज सुमारे ३० ग्रॅम साधे मीठ द्यावे म्हणजे तो पाणीही मन भरून पितो. टँकरवर अवलंबून असलेल्या गावात घोडा घेण्यापूर्वी पाण्याचा हा हिशेब आधी मांडावा.

तापलेल्या घोड्यावर थंड पाणी ओतले तर तो आखडतो, असे सर्रास सांगितले जाते. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत या समजुतीची शास्त्रीय तपासणी झाली आणि ती खोटी ठरली. उष्माघाताच्या उंबरठ्यावरील घोड्यावर थंड पाणी सतत ओतत राहणे हाच जीव वाचवणारा उपाय आहे.

घोडा आणि माणूस: सामायिक आजार

धनुर्वाताला घोड्याइतके संवेदनशील जनावर क्वचितच असते. नालेचा चुकीचा खिळा किंवा तारेची ओरखड पुरते. लस स्वस्त आहे, उपचार महाग आणि बेभरवशाचा. घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत या जंतूंचे बीजाणू असतात. त्यामुळे घोड्याबरोबरच त्याला सांभाळणाऱ्या माणसाचीही लस चुकता कामा नये.

पावसाळ्यानंतर गोमाश्या वाढतात आणि त्यांच्यामार्फत सर्रा हा रोग पसरतो. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० मध्ये डेरा इस्माईल खान येथे घोडे आणि उंटांच्या रक्तात त्याचा परजीवी शोधला. येणारा-जाणारा ताप, खंगत जाणे, पोटाखाली आणि पायांना सूज, मागच्या पायांची लटपट ही लक्षणे. रक्ततपासणीने निदान होते, औषध उपलब्ध आहे. हा परजीवी माणसाला सहसा बाधत नाही, कारण आपल्या रक्तातील एक प्रथिन त्याला मारते. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला मात्र त्याची लागण झाली. जगातली ही पहिली सिद्ध नोंद ठरली. त्या रुग्णात नेमके तेच प्रथिन नसल्याचे पुढे आढळले. उपचारांनी तो बरा झाला.

ग्लँडर्स हा जिवाणूजन्य रोग याहून भयंकर. नाकातून चिकट स्राव, नाकात व्रण, पायांवर फुटणाऱ्या गाठी ही त्याची लक्षणे. तो माणसाला होतो आणि जीवघेणा ठरू शकतो. जनावरांतील संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्यानुसार त्याची माहिती पशुसंवर्धन विभागाला देणे बंधनकारक आहे. बाधित घोड्यावर उपचार केले जात नाहीत, त्याला दयामरण द्यावे लागते. म्हणून नांदेडच्या माळेगाव यात्रेतून किंवा सारंगखेड्याच्या बाजारातून घोडा आणताना रक्ततपासणीचा दाखला मागावा. नवा घोडा दोन-तीन आठवडे वेगळा बांधावा, त्याची बादली आणि खरारा वेगळा ठेवावा.

वरातीचे गणित

घोड्याने स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भार वाहू नये, असा सर्वमान्य आडाखा आहे. ३०० किलोच्या घोडीला खोगिरासह ६० किलो. ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांतही तट्टाच्या पाठीवरील मालाची मर्यादा ७० किलोच ठेवली आहे. सत्तर-ऐंशी किलोचा नवरदेव, पुढ्यात एक लहान मूल, भरजरी झूल आणि तीन तासांची मिरवणूक हे गणित लहान घोडीच्या पाठीला जड जाते. काटेरी लगामाला तर याच नियमांनी बंदी आहे. त्याने जीभ आणि ओठ फाटतात, घोडा धड खाऊ शकत नाही.

माणसाला साधारण २० हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, घोड्याला ३३ हजारांपर्यंत. डीजेच्या भिंतीपुढे आणि फटाक्यांच्या माळेत उभी घोडी नाचते आहे असे आपल्याला वाटते, तेव्हा ती पळायला जागा शोधत असते. घोडा उभ्याने डुलकी घेतो हे खरे, पण गाढ झोपेसाठी त्याला दिवसातून अर्धा-एक तास आडवे व्हावेच लागते. लग्नसराईत रात्री टेम्पोत आणि दिवसा वरातीत काढणाऱ्या घोड्याला ती झोप मिळत नाही. मग तो उभ्या-उभ्या गुडघ्यावर कोसळतो. जखमा दिसल्या की मालक पायांवर औषध लावतो. गरज असते ती मऊ जमिनीची, शांततेची आणि शक्य असल्यास शेजारी दुसऱ्या घोड्याच्या सोबतीची. कळपात राहणाऱ्या या जनावराला सोबत नसली की निर्धास्त झोपच लागत नाही.

घोडा पाळायला श्रीमंती लागते असे म्हणतात. तट्टापुरते तरी ते पूर्ण खरे नाही. त्याला बदाम, तूप, अंडी लागत नाहीत. मोजलेला कडबा, स्वच्छ पाणी, रोज सुमारे ३० ग्रॅम मीठ, वेळेवर कापलेल्या टापा, वर्षाची लस आणि रोजची दोन-तीन तासांची चाल एवढ्यावर त्याचे भागते. सकाळची दहा मिनिटे मात्र द्यावी लागतात: लीद पडली का, पाणी किती संपले, रात्रीची वैरण उरली का, टापा थंड आहेत का, हाताला बरगड्या लागतात का. आणि वरात दारात आली की नवरदेवाच्या घरच्यांनीही डाळ-गुळाच्या ताटलीऐवजी पाण्याची एक बादली पुढे ठेवावी. दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या घोडीला त्या क्षणी तिचीच गरज असते.